भाऊजींनी कोंबड्यांत आणलेली समता

अन्यायाविरुद्ध लढायचं म्हणतोस? मग आधी आमच्या मुलुंडच्या भाऊजींचं ऐक.

माझ्या ताईने परसात चार कोंबड्या पाळल्या होत्या. दाणे टाकले की आधी काळी खायची, मग तांबडी, मग पांढरी. भुरीचा नंबर शेवटी, तोही सगळ्यांचे टोचे खाऊन. बिचारीच्या मानेवर पिसं उरली नव्हती.

भाऊजी हेडक्लार्क. कचेरीत साहेबासमोर त्यांचा आवाज कधी फुटला नाही, पण परसात गरजले, "देशात लोकशाही आली, आणि माझ्या घरी ही दादागिरी?"

ताई म्हणाली, "अहो, त्यांचं त्यांनी ठरवलंय. तुम्ही मध्ये पडू नका."

ऐकतील तर भाऊजी कसले! त्यांनी काळीला आठवडाभर टोपलीखाली कोंडलं. झाला न्याय! तांबडी लगेच काळीच्या जागी आली आणि भुरीला दुप्पट टोचू लागली.

वैतागून भाऊजींनी काळीला सोडलं. पण तांबडी आता कशाला हटतेय? दोघींची अशी जुंपली की पिसं शेजाऱ्यांच्या वाळवणात. भुरी कोपऱ्यात थरथरत उभी. भाऊजींनी धावत जाऊन तिला छातीशी धरलं. "घाबरू नकोस गं, मी आहे ना!"

भुरीने मान वर केली आणि खाडकन त्यांच्या नाकावर चोच मारली. भळाभळा रक्त!

ताई हळद घेऊन आली. नाकावर दाबत म्हणाली, "चला, भुरीलाही टोचायला एकदाचं कुणीतरी मिळालं."