शिवून आलेला माल

(बुटांच्या कारखान्यात शिलाई विभागाला लागून असलेली सुपरवायझरची काचेची खोली. जेवणाची सुट्टी.)

वहिनी: दार कशाला लावता? ऐकू दे की बायकांना. कामावरून काढायच्या यादीत पहिलं नाव सुपरवायझरच्या वहिनीचं आहे म्हणावं.

दीर: यादी अजून लागलेली नाही. तुम्हाला कुणी दाखवली?

वहिनी: तुमच्याच टेबलावर उघडी पडली होती. एकोणीस वर्षं शिलाई केली मी इथे, भाऊजी. आणि मागच्याच महिन्यात मालक छाती फुगवून सांगत होते, परदेशी कंपनीची ऑर्डर मिळाली, काम तिप्पट होणार!

दीर: झालंच ना तिप्पट.

वहिनी: मग अठरा जणी घरी कशा?

दीर: बूट तिप्पट झाले, शिलाई नाही. बुटाचा वरचा भाग आता दुसऱ्या देशातून शिवूनच येणार. आपण फक्त तळ चिकटवायचा, तोही मशीनवर. कंपनीची अटच आहे तशी. त्यांना माल पुरवणाऱ्यांच्या साखळीत शिरायचं तर त्यांनी दिलेलाच माल घ्यायचा.

वहिनी: आणि शिरलात कुणाच्या जिवावर? नमुन्याचा जोड कुणी शिवला? सात वेळा उसवला मी!

दीर: म्हणून तर पसंत पडला.

वहिनी: आणि मग तोच त्या दुसऱ्या देशात गेला. असं शिवा म्हणून. खरं की नाही?

दीर: मला पाठवायला सांगितलं, मी पाठवला.

वहिनी: टाचेच्या वळणावर दोरा कसा सैल सोडायचा, तेही मोबाइलसमोर करून दाखवायला लावलंत. मी बावळट, नखं साफ करून बसले, व्हिडिओत बरी दिसावीत म्हणून!

दीर: नसतं दाखवलं तर ऑर्डर शेजारच्या कारखान्यात गेली असती. मग अठरा नाही, दीडशे जण घरी बसले असते. हे कुणाच्या डोक्यातच शिरत नाही!

वहिनी: मला अक्कल शिकवू नका. तुमचे दादा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत. घर माझ्या एकटीवर आहे. शिलाईतल्या सहा जणींना पॅकिंगला ठेवताय, त्यांत माझं नाव का नाही?

दीर: उभं राहायचं काम आहे ते. तरण्या पोरी हव्यात.

वहिनी: कटिंगवाल्याची मेव्हणी माझ्याहून मोठी. तिला घेतलंत.

दीर: तिचं वेगळं.

वहिनी: काय वेगळं?

दीर: ती माझी कुणी लागत नाही! तुम्हाला ठेवलं तर उद्या सगळे म्हणतील, घरचं माणूस वाचवलं आणि आमच्या बायकांना हाकललं. पहिलंच नाव तुमचं दिसलं की बाकीच्या गप्प बसतील.

वहिनी: म्हणजे मालकांनी सांगितलं नव्हतं.

दीर: नव्हतं. मी लिहिलं. घराचं मी बघेन, वहिनी.

वहिनी: तुमचं काही नको मला.

दीर: घंटा झाली. त्या बाहेर जमल्यात. तेवढं तुम्हीच सांगाल का त्यांना? तुमचं ऐकतात.

वहिनी: सांगते. आजवरही मीच सांगत आले त्यांना, आत माझा दीर बसलाय, काळजी करू नका.