व्हिस्कीच्या सणाची सुट्टी

(दुबई, अल कुसैस. डिसेंबर २००८, शुक्रवारची दुपार. हॉटेलच्या बारमधला कॅप्टन रामेश्वर दारात बूट काढतो आहे. बायको शोभना पोळ्या लाटते आहे, मुलगी ईश्वरी पुस्तक उघडून बसली आहे.)

रामेश्वर : ...सांगतो की. पण तुमचा विश्वास बसायचा नाही. कुणाचाच बसायचा नाही. माझा स्वतःचा अजून बसलेला नाही.

शोभना : आधी हे सांगा, शुक्रवारची ब्रंचची गर्दी सोडून तुम्ही घरी कसे? गेल्या आठवड्यात शेजारचे जहूरभाईही असेच भरदुपारी आले होते. आता गावी पोचलेसुद्धा.

रामेश्वर : त्यांची कंपनी बिल्डिंगा बांधते. बिल्डिंगा थांबल्या. माणसं प्यायची थांबतात का? ऐक तर. आज अमेरिकेत व्हिस्कीचा सण असतो.

ईश्वरी : बाबा, देअर इज नो सच थिंग.

रामेश्वर : देअर इज, हबीबी. एकेकाळी त्यांच्या सबंध देशात दारूबंदी होती. ती उठली बरोबर पंच्याहत्तर वर्षांपूर्वी, आजच्या तारखेला. मला टेक्सासच्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. हा एवढा धिप्पाड. आजोबांच्या आठवणीने रडायलाच लागला. मी म्हटलं, सर, व्हेरी सॉरी. माझं इंग्रजी मेन्यूकार्डाबाहेर पडलं की धडपडतं, तुला ठाऊकच आहे. त्याला वाटलं, मीही त्याच्या आजोबांसाठी रडतोय. मारली मिठी. मी ट्रेसकट आडवा, बर्फाची बादली डोक्यात टोपीसारखी. थेंब न पिता बारमध्ये लोळलेला पहिला कॅप्टन मीच.

शोभना : बरं. मग?

रामेश्वर : बादली निघेना. तिघे लागले. एक पायांना, एक बादलीला आणि एक फोटो काढायला.

शोभना : अहो, ईश्वरीची मार्चमध्ये दहावी आहे. तुमचा व्हिसा गेला की आम्हा दोघींचाही जातो. म्हणून विचारते, घरी का पाठवलं?

रामेश्वर : तिकडेच येतोय. तो म्हातारा निघाला मालकाचा दोस्त. म्हणाला, आमचा एवढा मोठा राष्ट्रीय सण आणि तुमचा बार उघडा? खलास. मालकाने स्वतः कुलूप लावलं. आम्हा सगळ्यांना सुट्टी. भरपगारी.

ईश्वरी : फुल पे?

रामेश्वर : फुल पे. वर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, रामेश्वर, तुझ्यासारखा माणूस...

शोभना : थांबा जरा. ईदच्या आदल्या दिवशी बार बंद असतो, समजू शकते. आपल्याकडे दोन ऑक्टोबरला बंद, तेही समजतं. पण दारू परत मिळायला लागली म्हणून सण, आणि त्याच सणाला बार बंद?

रामेश्वर : ...अमेरिकन माणसं विचित्रच असतात.

शोभना : लग्नाला वीस वर्षं झाली, इतकी कच्ची थाप तुम्ही कधी मारली नव्हती. बसा इथे. काढलं ना तुम्हाला?