आईचा दगड

(कारियाकू बेट. समुद्रकाठची जुनी दफनभूमी. भरदुपार. इस्मे आणि तिचा धाकटा भाऊ विल्मट.)

विल्मट : अगं इस्मे, समुद्राच्या भीतीनं सगळं गाव इथले थडग्यांचे दगड उपटून टेकडीवर नेतंय आणि तू घरून नवा दगड इथे घेऊन आलीस? डोकं ठिकाणावर आहे ना?

इस्मे : माझं आहे. खापरपणजीचा दगड गाडीत चढवलास?

विल्मट : चढवला. गावातला सगळ्यात जुना, गोधडीत गुंडाळलाय. एक अक्षर उडू दिलं नाही.

इस्मे : आणि आई?

विल्मट : आईचा घरी सुखरूप होता की! तोच तर तू इथे आणलास.

इस्मे : घरी होता तो नुसता दगड. इतकी वर्षं रीतीप्रमाणे पलंगावर निजवला, वर चादर घातली. पण दगडाचं जेवण घातल्याशिवाय, तिच्या डोक्याशी उभा केल्याशिवाय तो तिचा होतो का? तू आपला लंडनहून दर नाताळात... पुढच्या वर्षी येतो, ढोल लावू, बोकड कापू!

विल्मट : थाटात करायचं होतं गं मला.

इस्मे : घे. झाला थाट.

विल्मट : संध्याकाळी वादळ येतंय. आत्ता बसवायचा आणि लगेच उपटायचा?

इस्मे : हो! घटकाभर तरी उभा राहू दे. बाकीच्यांचे दगड वर जातील, त्यांची मेलेली माणसं मागोमाग जातील. आईनं कशाच्या मागे जायचं, विल्मट?

विल्मट : ...आणि जेवण?

इस्मे : भाताचं पातेलं पुढच्या सीटवर आहे. कोंबडाही शिजवलाय. रम तुझ्या खिशात आहे, मघापासून वास येतोय.

विल्मट : जागा तरी कळतेय का? सगळी वाळूच.

इस्मे : चार कोपऱ्यांना शंख ठेवले होते मी. ते बघ, डोक्याकडचे दोन.

विल्मट : पायाकडचे?

इस्मे : सकाळी होते.

विल्मट : इस्मे... पाणी पोचलं गं तिच्यापर्यंत!

इस्मे : रडायला अख्खी संध्याकाळ पडलीये. फावडं घे. फार खोल नको खणूस, लागेल तिला.

विल्मट : धरलाय मी, सोड तू. सरळ आहे?

इस्मे : वाकडा आहे. राहू दे. रम ओत त्याच्यावर. भात मी वाढते. आणि बोल तिच्याशी.

विल्मट : मी? काय बोलू?

इस्मे : तुझीच वाट बघत होती ती. बोल काहीही.

विल्मट : आई... पाय जरा वर घे. तुझा दगड आलाय.