पिस्तुलावरचा डाव

—न्हाई काकू, तिथं नका... बसा, बसा की, तुमच्याच लेकराची खुर्ची हाय. अमरेश गेल्यापासून कुणाला बसू देत न्हाई आम्ही तिथं. कॅफेवाला कुरकुर करतो, करू द्या. हे त्याचे हेडफोन, हा माऊस. पिशवीत टाकू? हेल्मेट? हेल्मेटाचं मला काय ठावं काकू— घरीच विसरला आसंल गाडीवरनं पडला त्या दिशी. पोलीस म्हणले ना, डोक्यात काई नव्हतं म्हणून. लई विसरभोळा व्हता.

दिवसदिवस हितं करायचा काय, म्हणता? दावतो. हे आमचे पाच जण, ते समोरचे पाच. डाव सुरू व्हायच्या आधी बंदुका घ्यायच्या— पैसे गेममधलेच, खोटे, पण उधळले की पुढच्या डावात हात हलवत उभं ऱ्हायचं. एक डाव हरलो की आम्हाला चेव यायचा, आत्ताच घेऊ, आत्ताच मारू! अन् हा म्हणायचा, "गप बसा रे, हा डाव पिस्तुलावर काढा. पैसा राखा, पुढच्याला बघू." किराणा दुकानात वाढलेलं पोरगं, दुसरं काय? बसवराजकाकांनी आपल्या लेकाला गल्ल्यावर बसवलेलं. आम्ही चिंगूस म्हणायचो त्याला. पण नांदेडची फायनल त्याच्याच डोक्यानं मारली, हाव.

अन् चिंगूसपणा तरी कुणाच्या बाबतीत? स्वतःच्याच! शेवटच्या डावाला माझ्याकडं दमडी न्हाई, तर ह्यानं आपल्या पैशातून मोठी बंदूक घेतली, टाकली माझ्या पायापाशी, अन् स्वतः पिस्तूल घेऊन उभा. "सत्यम, तू जग. मी गेलो तरी चालतंय." गेममधी, काकू. गेममधी म्हणला तो. आता मी रोज एक बंदूक घेतो अन् गेममधी तो उभा ऱ्हायचा त्या कोपऱ्यात टाकून येतो— तिथं कुणी नसतंय, ठावं हाय मला, पण हातच ऐकत न्हाई. पोरं शिव्या देतात. रोज हरून राहिलो ना माझ्यापायी.

हेल्मेट तेवढं देता येत न्हाई बघा. बंदूक देता येते, हेल्मेट ज्याचं त्यानंच घ्यायचं— गेमचा नियमच हाय तसा. किती चांगला नियम! गाडीवरबी आसता तर... मी म्हणलो त्याला, नांदेडहून निघतानाच म्हणलो, चालवणाऱ्यानं घालावं बाबा, तर हसला अन् माझ्याच डोक्यात दाबून बसवलं, पट्टाबी स्वतः लावला, म्हणला अव्वाला— तुम्हाला, काकू— सांगू नको, बोंब मारंल— 

काकू?

न्हाई, ते टेबलाखालचं... हाव. लाल. तुम्हीच घेतलेलं. मला घरी नेववंना, अन् तुमच्याकडं आणून द्यायला त्वांड न्हाई. काकू, शिव्या द्या. मारा मला.

न्हाई... काकू, न्हाई. माझ्या डोक्यात नका घालू. पट्टा नका लावू, काकू.