वरदच्या ब्रेकला झालेला उशीर

सन्माननीय अध्यक्ष श्री. यज्ञेश्वर आपटे, व्यासपीठावरील सर्व विश्वस्त, खराडीहून कामातून वेळ काढून आलेले देणगीदार कंपनीचे प्रतिनिधी श्री. सलिल देवधर, आजच्या सत्कारमूर्ती हेमाताई, केंद्रातले डॉक्टर, परिचारिका, मावशी आणि मामा, आणि समोर बसलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी कादंबरी. इथे बरेच जण मला 'वरदची ताई' म्हणून ओळखतात. नातेवाइकांच्या वतीने चार शब्द बोलावेत, अशी सूचना मला गेल्या आठवड्यात आली. मी महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे बोलण्याची भीती नाही. भीती वेगळीच होती. निरोपाच्या कार्यक्रमात गोड बोलावं, अशी आपली रीत आहे. मला जे सांगायचं आहे ते फारसं गोड नाही. ते इथे सांगावं का, यावर मी बराच विचार केला. अजूनही खात्री नाही. पण ते वगळून हेमाताईंबद्दल बोलायचं म्हटलं, तर मला फक्त त्यांच्या हसतमुख स्वभावाबद्दल बोलावं लागेल, आणि खरं सांगायचं तर हेमाताई फारशा हसतमुख नाहीत.

(हसा, हसा. त्याही हसतायत.)

वरद माझा धाकटा भाऊ. नगर रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली, मानेला मार बसला, आणि खांद्याखालचं जवळजवळ सगळं गेलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटात थोडा जीव राहिला. थोडा म्हणजे किती? चादरीवरचा चुरा झटकता येईल इतका. हेमाताई या केंद्रात हातांचे व्यायाम घेतात. त्यांनी ते बोट पाहिलं आणि म्हणाल्या, "हे काम करेल. पण त्याला काम द्यावं लागेल."

काम म्हणजे व्हिडिओ गेम. त्यांच्या खोलीत टीव्हीखाली काळे खोके होते, गेम खेळायची यंत्रं. त्यांना जोडलेली बटणं हेमाताईंनी स्वतः बनवून घेतली होती, बशीएवढी मोठी. वरदसाठी त्यांनी मोटारशर्यत निवडली. गाडी आपोआप वळायची, वरदने फक्त वळण आलं की ब्रेक दाबायचा. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, "अहो, ज्याचा अपघात रस्त्यावर झाला, त्याला तुम्ही गाडीचा खेळ देता?"

त्या म्हणाल्या, "त्याला ब्रेकच लावायचाय, कादंबरी. स्वप्नातही तोच लावतोय. इथे निदान लागेल तरी."

आणि तो लागू लागला. आधी एखादं वळण, मग पुष्कळ. त्याला घ्यायला गेले की दारातूनच ऐकू यायचं, "ताई, थांब जरा, घाट उतरतोय." अपघातानंतर पहिल्यांदाच कुणीतरी माझी वाट पाहण्याऐवजी मला वाट पाहायला लावत होतं. हा आनंद ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना कळेल.

मग खोके गेले. हे मी तक्रारीच्या सुरात सांगत नाही, कारण त्यामागची कारणं मला ठाऊक आहेत. आपल्या आजूबाजूला बांधकामं चालू आहेत, ती धूळ यंत्रांच्या पंख्यांत जायची. उन्हाळ्यात ती तापायची, बंद पडायची. अशा वेळी देवधरसाहेबांच्या कंपनीने एक वर्षाची सोय देऊ केली. खेळ चालवणारं यंत्र दूर कुठेतरी, आपल्याकडे नुसता पडदा आणि इंटरनेट. आपण बटण दाबायचं, ते तिकडे पोचणार, गाडी तिकडे थांबणार, आणि थांबलेल्या गाडीचं चित्र आपल्याकडे येणार. ना धूळ, ना दुरुस्ती. विश्वस्तांनी एका रविवारी सकाळी येऊन स्वतः खेळून पाहिलं. आपटेसाहेबांनी तर शर्यत जिंकली. "काही फरक नाही," असं ठरलं, आणि ते प्रामाणिकपणे ठरलं.

आणखी एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. दोन नंबरच्या खोलीतले नागोराव पलंगावरून हलू शकत नाहीत. ते आता पडल्या पडल्या क्रिकेट खेळतात. जुन्या खोक्यांपर्यंत ते कधीच पोचले नसते. त्यांच्यापुरतं विचाराल, तर यंत्राची जागा पडद्याने घेतली आणि ते चांगलं झालं.

वरदच्या गाड्या मात्र भिंतीवर आपटू लागल्या.

त्याने आधी कुणाला सांगितलं नाही. मीच एकदा म्हटलं, "आज घाट नाही का?" तर म्हणाला, "बोट ऐकेनासं झालंय, ताई. मी सांगतो, ते नंतर हलतं." पुढे पुढे तो खोलीत जायला टाळाटाळ करू लागला. हेमाताईंनी खेळातल्या नोंदी पाहिल्या. खरंच, ब्रेक उशिरा लागत होता, आणि रोज उशीर सारखा नव्हता. त्या स्वतः खेळल्या, त्यांना जमलं. तंत्रज्ञ येऊन खेळला, त्यालाही जमलं. मग चुकत कुणाचं होतं? उरला एकच जण.

डॉक्टरांनाही हेच सांगितलं गेलं की बोट मंदावतंय. नसेवर ताण आला असावा म्हणून त्यांनी विश्रांती सांगितली, हात पट्टीत बांधला, खेळ बंद केला. समोर जी माहिती होती तिच्यावरून त्यांनी बरोबरच केलं, असं मी आजही मानते. पट्टी सहा आठवडे राहिली.

मग आली खंडेनवमी. हेमाताईंच्या खोलीत दरवर्षी त्या दिवशी खोक्यांची पूजा व्हायची. तिचा मान वेणूबाईंचा. त्या तिथे बसल्या आहेत, मान खाली घालू नका मावशी. त्या हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या, खोलीभर पाहिलं आणि म्हणाल्या, "पूजा कशाची करायची? तारेची?"

हेमाताई म्हणाल्या, "पडद्याची करा."

"पडदा काय काम करतो? नुस्तं दाखिवतो. काम करणारं कुठं हाय ते सांगा."

आता ते काम करणारं यंत्र कुठल्या गावात आहे, हे खोलीत कुणालाच सांगता येईना. शेवटी मावशींनीच अडगळीतून भंगारात जायचा राहिलेला एक खोका आणला, पदराने पुसला, टेबलावर ठेवला, त्याला फूल वाहिलं. वरद त्याच्या चाकांच्या खुर्चीत दाराशी होता. मावशींनी त्याच्या पट्टीतून बाहेर आलेल्या बोटालाही कुंकू लावलं. तो म्हणाला, "मावशी, हे बंद पडलेलं आहे." त्या म्हणाल्या, "आज समद्यांनाच सुट्टी आसते. गप ऱ्हा."

त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत, म्हणून खोका तसाच राहिला. दसऱ्याला हेमाताईंनी तो अडगळीत परत पाठवण्याआधी सहज लावून पाहिला. चालू झाला. पडद्यावर तोच जुना घाट. त्यांनी थोडा वेळ स्वतः खेळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मी तिथे होते. त्या म्हणाल्या, "मी आधी दाबतेय." मला कळलं नाही. त्या पुन्हा म्हणाल्या, "कादंबरी, मी वळणाच्या आधीच दाबतेय. मला सवय झालीय. त्या नव्या पडद्याने मला शिकवलंय आणि मला कळलंसुद्धा नाही."

धडधाकट हाताचं असंच असतं. पडदा जरा मागे राहिला, की हात जरा पुढे जातो, आणि डोक्याला पत्ताही लागत नाही. रविवारी सकाळी विश्वस्तांच्या हातांनी हेच केलं, तंत्रज्ञाच्या हाताने हेच केलं. वरदच्या बोटाकडे 'आधी' नव्हतंच. त्याच्याकडे जेमतेम 'आत्ता' होतं. बोट वेळेवर दाबत होतं, गाडी उशिरा थांबत होती, आणि ज्याचा स्वतःच्या शरीरावर आधीच विश्वास उरलेला नव्हता, त्याने दोष कुणाला दिला असेल?

हेमाताईंनी वरदला बोलावलं, पट्टी सोडली, बटण बोटाखाली सरकवलं. पहिलं वळण आलं. गाडी थांबली. दुसऱ्या वळणावरही थांबली. वेणूबाई ओरडल्या, "थांबली की रं!" तिसऱ्या वळणाला वरदला बोट उचलताच आलं नाही. सहा आठवडे बांधून ठेवलेलं बोट खाली गेलं, ते वर येईना. गाडी घाटात उभीच राहिली.

मला वाटलं तो रडेल. त्याने फक्त विचारलं, "म्हणजे ते बरोबर होतं?"

हेमाताई म्हणाल्या, "हो."

"पूर्ण वेळ?"

"हो, वरद."

"आणि आपण ते बांधून ठेवलं."

हेमाताईंनी बटण त्याच्या बोटाखालून बाजूला घेतलं. नंतर मला व्हरांड्यात म्हणाल्या, "मला जमलं, म्हणून मला वाटलं त्याचंच चुकतंय. एवढी वर्षं हेच काम करून मी माझ्या हाताने त्याचा हात मोजला." त्यांनी कुणाकडे बोट दाखवलं नाही, म्हणून आज मीही दाखवणार नाही. बोट कदाचित असंही आखडलं असतं, असं डॉक्टर म्हणतात. असेलही. मला ते खोडता येत नाही, आणि त्यावर विश्वासही ठेवता येत नाही. त्यानंतर घरीच खूप व्यायाम झाले. ते बोट अजून आखडलेलंच आहे.

त्यानंतरच्या बैठकीत हेमाताईंनी खोके परत मागितले. अध्यक्षमहाराज, आपण म्हणालात, "हेमाताई, जग पुढे चाललंय, आपण मागे जायचं का?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण या इमारतीत आपण सगळे मागेच जायला येतो ना? अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत जमेल तितकं मागे जायचं, एवढंच तर आपलं काम आहे. निर्णय पुढच्या वर्षावर गेला. हेमाताई सोमवारपासून कोल्हापूरला. आईची तब्येत हे कारण त्यांनी दिलं आहे आणि ते खरं आहे. त्यापलीकडे अजून काही आहे का, हे मी विचारलेलं नाही.

परवा शाल आणायला निघाले होते तेव्हा त्यांच्या खोलीत डोकावले. बुलढाण्याकडची अपेक्षा नावाची मुलगी नव्याने आली आहे, जेमतेम एकोणीस वर्षांची. ती पडद्यासमोर बसली होती. मला म्हणाली, "ताई, माझंच बोट स्लो आहे ना हो?" हेमाताई लगेच म्हणाल्या, "नाही, पडदा स्लो आहे." आणि त्या पोरीने जो श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

सोमवारी हे वाक्य कोण म्हणणार?

घरी आल्यावर मी हे वरदला सांगितलं. दसऱ्यानंतर तो त्या खोलीत गेलेला नाही, आजही आलेला नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो पूजेतला खोका अजून आहे?" म्हटलं, आहे, पण टेबल रिकामं करायचं चाललंय. म्हणाला, "त्यांना सांग, तो तिथेच राहू दे. नवीन माणसाला आधी त्याच्यावर खेळवायचं, मग नव्या पडद्यावर. मी रोज येऊन बसतो. मला ब्रेक लावता येत नाही, पण उशीर कुणाचा आहे ते मला कळतं. तिचे तरी सहा आठवडे वाचतील."

मी म्हटलं, "विश्वस्त विचारतील, जागा कुठे, सोय कशी?"

तर म्हणाला, "म्हणावं, खुर्चीचा खर्च नाही. माझी मी घेऊन येतो."

अध्यक्षमहाराज, हा अर्ज मी आपल्यापुढे तोंडीच ठेवते. उत्तर आजच्या आज द्यावं असा आग्रह नाही, सोमवारच्या आत मिळालं तर बरं.

हेमाताई, तुमचे आभार मानायला मला शब्द सापडले नाहीत, म्हणून जे घडलं तेच सांगितलं. संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी कुणाचं मन दुखावलं असेल, तर तो दोष माझ्या सांगण्याचा समजावा आणि मला माफ करावं. वरद उद्या सकाळी तयार होऊन बसणार आहे.

नमस्कार.