नवसाचा घास

माहं नाव मार्था. पन ते मांगून आलं, आदी मी कवसी होती. ढिवराची पोर. कामठ्याच्या अलीकडं आमचं गाव, गावाचं नाव कायले लिहिता, राहू द्या, तलावाच्या पाळीले लागून आमची घरं, मानसं जाळं टाकत आन बाया मासोळ्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन बजारात जात. माही माय तं अशी होती का गिऱ्हाइकानं वास येते म्हनून नाक मुरडलं का तीच मासोळी त्याच्या नाकाले लावे, म्हने घे, हुंग, ताजी हाये का सिळी ते पाय. माहा सोभाव तिच्यावरच गेला. दवाखान्यात समदे म्हनतेत, मार्थाबाईच्या तोंडाले लागू नोका. तुमीबी लागू नोका, मी सांगते तसं लिहा.

लगन लहानपनीच झालं. आन ज्या पावसाळ्यात देस मोकळा झाला ना, त्याच पावसाळ्यात माहं पयलं बाळंतपन अडलं. गोंदियात पोट्टे झेंडे घेऊन नाचून राहिले होते आन मी बंडीत आडवी, गर्दीतून बंडी निघे नाई, भाऊ सीताराम बैलाच्या पुढं पळत जाऊन लोकायले हात जोडे. मिशनच्या दवाखान्यात नेलं, गोऱ्या मेमसाबनं पोट फाडलं, लेकरू मेलेलं निघालं, मी वाचली. इकडं गावात मायनं मातामायपुढं पदर पसरला होता. मातामाय म्हनजे आमच्या शिवेवरची देवी, कडुनिंबाखाली शेंदूर लावलेले गोटे. माय म्हने, माही पोर वाचली तं तुले बकरा देईन, आन त्याचा पयला घास माह्या हातानं तिच्याच तोंडात घालीन, तवाच नवस फिटला समजजो. आता मले वाचवलं कोनं? मेमसाब म्हने येसूनं, माय म्हने मातामायनं. आन मी बेसुद, मले कोनी इचारलंच नाई.

सासरच्यानं परत नेलं नाई, पोट फाडलेली बाई कोन्या कामाची म्हने. मंग मी तठीच राहिली, दवाखान्यातले रगताचे कपडे धुवाले. हळूहळू वाचाले शिकली, जखमा बांधाले शिकली, आन मांगून बाप्तिस्मा घेतला. कोनी पैसा देल्ला नाई, कोनी भूल पाडली नाई, हे लिहून ठेवा, लोक लय बोलतेत. मले काय आवडलं सांगू तुमाले? भेव नव्हतं. आमच्या गावात मांजर आडवी गेली भेव, लेकरू सिंकलं भेव, अमुशा आली भेव, आन समद्यायच्या वर मातामायचा कोप. इथं कोनी म्हनलं का पोरी, तुले कोनाचं भ्यायचं काम नाई, तू मोकळी हायेस, तं मले वाटलं कोनीतरी छातीवरचा गोटा उचलला. आता मिशनच्या आवारातबी नियम होतेच, बिडी ओढाची नाई, मंडईच्या जत्रेत नाच पाहाले जायचं नाई, दिवा लागला का फाटक बंद. मी मेमसाबले म्हनली होती, तुमचं मोकळेपन बाई लय आखूड दाव्याचं हाये. ती हासली. मंग ती आपल्या देसाले गेली, आन देसी पाद्रीबाबा आले, खालच्या मुलखातले, सुद्ध बोलनारे.

आता सगुनाचं सांगते, तिच्याबिगर हे समजनार नाई. सगुना आमच्याच गावची, आमच्या घराच्या बाजूची रांडमुंड बाई. दर आखाडीले तिच्या आंगात मातामाय ये. ये म्हनजे आनत. आखाडीले कोंबडे-बकरे कापतेत, ढोल वाजते, आन भगत तिले ओढून नेऊन उभी करे, निंबाच्या फोकानं मारे, जळता कापूर तिच्या तळहातावर ठेवे. लोक तिच्या पाया पडत आन तिलेच टोनही, म्हनजे चेटकीन, म्हनून दारात येऊ देत नसत. एका वर्षी हात सडला म्हनून दवाखान्यात आली. मी रोज पट्टी बांधो. ती इचारे, कवसे, तू मातामायले सोडली, तुले ती काई करत नाई? म्हनलं, नाई करत वो, गोटा हाये तो, आपल्या हातानंच शेंदूर फासलेला. ती माह्याकडं पायतच राहे. आदी माह्यावर इस्वास ठेवला तिनं, येसूवर मांगून. पुढच्या आखाडीले ढोल वाजला तं दाराले आडनं लावून घरात बसून राहिली. आयतवारी पायी गिरजात ये, एकदम मांग बसे, थरथरत.

आन माय? मायनं मले सोडलं नाई. बजाराच्या दिवसी मासोळ्या घेऊन फाटकावर ये, जातीतले बोलत तरी ये. पन दर वर्षी एकच, नवस राहिला बाई. मी टाळो. असं करता करता मायचं आंग सुजलं, दम लागे, खाटेवरून उठनं होये नाई. सीतारामदादा आला, फाटकातच उभा राहिला. म्हने, कवसे, बुढी म्हनते या आखाडीले नवस फिटल्याबिगर माहा जीव सुटत नाई, बकरा घरचाच हाये, तू फक्त तोंड उघडाचं. म्हनलं, दादा, माहं तोंड का तुमच्या घरचा रांजन हाये, कोनीबी उघडावा? तो हासला नाई. तवाच समजलं का मायचं खरंच संपत आलं.

पाद्रीबाबाले इचारलं. ओट्यावर बसून सायकलीची चाकं पुसून राहिले होते. म्हनले, मार्था, दगड तो दगड आणि मटण ते मटण. खाल्ल्याने तू बाटत नाहीस आणि न खाल्ल्याने काही जास्त पवित्र होत नाहीस, देवाने तुला मोकळं केलंय. आईच्या हातचं खा, म्हातारीला सुखाने जाऊ दे. मंग म्हनले, फक्त शेजारी कोण उभं आहे तेवढं बघ, आपलं मोकळेपण दुसऱ्याच्या पायात अडकू नये. मले तेवढं आयकूच आलं नाई. मले आयकू आलं ते खाय. मी तं नाचतच गेली म्हना.

चिखल तुडवत गावात पोचली तं बकरा कापून झाला होता, मटन चुलीवर रटरटत होतं. मायले खाटेसकट दारात आनलं होतं, मांग कथडीचा टेका. मले पाहून तिचं तोंड असं फुललं का काय सांगू. समदी गल्ली जमा. मी मायच्या पुढ्यात बसली. वयनीनं पळसाच्या पानावर भात-मटन आनलं, मायनं घास उचलला. आन तवाच भगत कुडाजवळून मोठ्यानं म्हनला, पाय सगुने, गोंदियाची किरिस्ताव बी मातेचं खाऊन राहिली, तू कोन लागून गेली? नीघ बाहीर, ढोल वाजून राहिला.

मान वळवली तं कुडाच्या पलीकडं सगुना. भगताकडं नाई, माह्याकडं पाहून राहिली होती. डोळे असे का पान्यात बुडनाऱ्या मानसाचे. आन पाय तिचा उचलला होता, एक पाऊल ढोलाकडं.

मी तोंड मिटलं.

माय म्हने, उघड बाई, तोंड उघड. म्हनलं, माय, साधा भात दे, मीठ दे, तुयाच हातचं खाते, हे नोको. ती म्हने, तुया देवानं मनाई केली का? आता खोटं कसं बोलू? म्हनलं, नाई. मंग पाद्र्यानं? नाई वो माय, त्यानं तं खाय म्हनलं. मंग काऊन? म्हनलं, मी मोकळी हाये माय, म्हनून नाई खात, ती सगुना पाय ना तठी. मायले कुठं समजनार होतं, मलेच पुरतं समजलं नव्हतं. ती म्हने, कोनाची मनाई नाई आन तरी खात नाईस, तं मंग माहाच राग हाये तुले. लय येळ हात तसाच धरून राहिली. मंग तो घास सोताच्याच तोंडात घातला. म्हने, येऊ दे, जे यायचं ते माह्याच आंगावर येऊ दे. चावला नाई गेला तिच्यानं, दात नव्हते. दादानं मले दंडाले धरून उठवलं आन पाळीवर आनून सोडलं. मांगून सगुना धावत आली. त्या दिवसी ती ढोलापुढं उभी राहिली नाई, माह्यासंग गोंदियाले आली.

पोळ्याच्या आदीच माय गेली. मले सांगावा नाई. बजारात एक मासोळीवाली म्हने, तुले मालूम नाई काय वो? धावत गेली तं समदं आटोपलं होतं, दादानं दारातून आत घेतलं नाई. म्हने, नवस अडकून बुढी तडफडून गेली, आता तुया देवाले जाऊन सांग. पाद्रीबाबा म्हनले, मार्था, तू बरोबर केलंस. मी म्हनलं, बाबा, पाया पडते, बरोबर केलंस तेवढं म्हनू नोका. तुमाले काय जाते म्हनाले? माही माय हात पुढं करून बसली होती. ते रडले. चांगला मानूस.

सगुना आता दवाखान्याच्या भटारखान्यात हाये. आंगात येनं नाई, थरथरनं नाई, उलट मोठमोठ्यानं बोलते, मलेच दाबते. यंदा आखाडीले मुर्रीले बहिनीकडं गेली, दुसऱ्या दिवसी दात कोरत आली. म्हने, कवसे, काय मटन होतं वो! म्हनलं, मातेचं होतं? होतं ना, म्हने, मंग काय झालं, गोटाच तं हाये, तूच सांगतली. आन हासत पोळ्या लाटाले बसली.

राग आला. खोटं कायले बोलू, असा राग आला का लाटनं हिसकून तिच्या डोक्यात घालावं. ज्या घासापायी माही माय गेली तो ही दात कोरत पचवून आली. मंग तिचे हात पायले, तळहातावरचे ते जुने डाग, आन कशी बिनघोर लाटून राहिली होती. भेव नाई तिले. हेच तं पायजे होतं ना मले? देव तिले अशीच ठेवो, हासत, खात.

आता मीबी खाऊ सकते. माह्या खाल्ल्यानं कोनाचं काई बिघडत नाई. पन खाय म्हननारी राहिली नाई.