बाहेरून काचा, आतून भिंत

—नाही नाही, यशश्रीमॅडम, मोजमाप बरोबरच आहे तुमचं. बाहेरून झरोक्याच्या काचा दिसतात आणि आतून सरळ भिंत. प्लायवूड आहे ते, वर भिंतीचाच रंग. वाजवू नका — नका ना वाजवू, त्या आवाजाने मला धडकी भरते.

पटतं हो मला तुमचं आर्किटेक्ट लोकांचं सगळं. समोरासमोर खिडक्या, गरम हवेला वरून वाट, मग एसी कशाला, बिल निम्मं — करा की. गच्चीला पांढरा रंग द्या, पश्चिमेला छज्जा काढा. फक्त ही बाथरूमची भिंत राहू द्या. का म्हणजे? यांना थंडी बाधायची. निफाडला पारा पाचावर गेला की इथे सातपूरला यांचा खोकला थांबायचा नाही, म्हणून दिवाळीच्या रंगकामात मीच झरोका बंद करून घेतला. यांच्यासाठीच ना? — आणि डिसेंबरात आभाने पहिल्या पगारातून गॅसचा गिझर पाठवला, बाबांना गरम पाणी मिळावं, वीजही वाचावी. बसवायला आलेला माणूस म्हणाला, काकू, हवा जायला झरोका आहे ना? म्हटलं, आहे की, बाहेर जाऊन बघा. नव्या रंगाला भोक पाडेल म्हणून हो — बस, तेवढ्यासाठी.

चौथ्या दिवशी यांनी आतून हाक मारली, उत्तरा. एकदाच. टॉवेल हवा असेल. म्हटलं, थांबा, दूध वर आलंय. दूध नाही उतू जाऊ दिलं मी. नंतर दार फोडावं लागलं. सगळे म्हणाले, गॅस कोंडला, गिझरच वाईट — आणि मी गप्प बसले. बारा वर्षं. आभा तेव्हापासून भर थंडीत गार पाण्याने अंघोळ करते, ठाऊक आहे? मी मारलं बाबांना, म्हणते. आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवते! रोज सकाळी साडेसहाला, यांच्या अंघोळीच्या वेळेला, इथून बादली भरल्याचा आवाज येतो मला. जाऊन बघते, नळ कोरडा असतो. तरी दाराशी उभी राहते, हाक येईल म्हणून.

फाटक वाजलं — आभाच. विचारेल ती तुम्हाला, हा झरोका कोणी बंद केला. काय सांगाल? — नको, तुम्ही काही सांगू नका. तुमची ती टेप गुंडाळा आणि निघा. हो, आत्ताच. मागच्या दाराने जा.

आभा — चप्पल काढ आणि आधी इकडे ये गं, या भिंतीपाशी.